नोंद आणि हरकत : संगणकीय माहिती प्रणालीच्या पदवीकडे निघालेल्यांसाठी प्रस्तावना

सातबाऱ्याचा उतारा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो, वाचलेला मात्र थोड्यांनी. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकाच कागदावर येतात म्हणून तो सातबारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावे, किती क्षेत्र, कुठला बोजा. बारामध्ये त्या जमिनीत कोणत्या हंगामात काय पिकले. हा उतारा गट क्रमांकानुसार निघतो. तीच माहिती खातेदाराच्या बाजूने पाहायची असेल तर आठ-अ काढावा लागतो. आणि वारस लागले, खरेदीखत झाले, बँकेचे कर्ज फिटले की तो बदल थेट सातबाऱ्यावर कोणी लिहीत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली जाते. संबंधितांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हे चार नमुने दाखवतो, तेव्हा संगणकाच्या तासाला हे काय काढले म्हणून ती एकमेकांकडे पाहतात. वर्षभराने डेटाबेस शिकताना मात्र त्यातली काही जण तो कागद पुन्हा मागायला येतात. प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख हवी, म्हणून गट क्रमांक. एकच माहिती दोन बाजूंनी पाहता यावी, म्हणून सातबारा आणि आठ-अ. सध्याची स्थिती एका ठिकाणी आणि ती तशी का झाली याचा इतिहास दुसऱ्या ठिकाणी, म्हणून फेरफार. नोंद धरणारा एक, ती प्रमाणित करणारा दुसरा. संगणक गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून ही व्यवस्था शाई आणि कागदावर चालत होती. तिच्यात चुका झाल्या, लबाड्याही झाल्या. पण हरकत घेण्याची जागा तिने स्वतःच्या पोटात ठेवली होती. या पुस्तकात आणि मला वाटते या संपूर्ण पदवीत, त्या एका जागेइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही.

संगणकीय माहिती प्रणाली हे नाव आपल्याकडच्या प्रवेश पुस्तिकांमध्ये सहसा सापडत नाही. अमेरिकेत या नावाचे विभाग बहुधा व्यवसाय-शिक्षणाच्या महाविद्यालयांत असतात. आपल्याकडे तोच आशय बीसीए, बीएस्सी आयटी, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि वाणिज्य शाखेतल्या बीबीए कॉम्प्युटर अॅप्लिकेशन अशा वेगवेगळ्या पाट्यांखाली विखुरलेला आहे. संगणकशास्त्र विचारते की यंत्राकडून काय करवून घेता येईल आणि किती वेळात. माहिती प्रणाली त्यापुढे विचारते की दवाखान्यात, बाजार समितीत, शाळेत किंवा कारखान्यात माणसे जे काम करतात त्यातले काय नोंदवायचे, कोणी नोंदवायचे, कोणी वाचायचे आणि चूक निघाली तर ती कोणी, कशी दुरुस्त करायची. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर दुसऱ्याला हात घालता येत नाही. पण पहिले येते म्हणून दुसरे आपोआप येते असेही नाही.

या क्षेत्राचा जन्म चहाच्या दुकानांत झाला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ब्रिटनमधल्या जे. लायन्स अँड कंपनीची चहाची दुकाने आणि बेकऱ्या होत्या. पाव, केक, बिस्किटांच्या असंख्य छोट्या विक्रीचा हिशेब ठेवताना कारकुनांची फौज लागे. केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक या यंत्राच्या धर्तीवर या कंपनीने स्वतःचा संगणक बांधला, त्याचे नाव लिओ. 1951 च्या नोव्हेंबरात त्यावर बेकरीच्या मालाच्या मूल्यांकनाचे काम नेमाने सुरू झाले. दैनंदिन व्यावसायिक कामासाठी संगणक वापरल्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. मला त्यात भावते ते यंत्र बांधण्यापेक्षा डेव्हिड कॅमिनर या गृहस्थांचे काम. ते अभियंते नव्हते. कंपनीच्या कार्यालयीन पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या विभागातून ते आले होते. काम कसे चालते, कोणता कागद कुठून कुठे जातो, आणि नेहमीपेक्षा वेगळे काही घडले तर काय करायचे, हे आधी कागदावर स्पष्ट मांडल्याशिवाय ते प्रोग्रॅम लिहू देत नसत. आज आपण ज्याला सिस्टिम अॅनॅलिसिस म्हणतो आणि जो विषय विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री आकृत्या पाठ करून काढतात, त्याचे मूळ तिथे आहे.

पुढे 1960 च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी हा विषय स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभा केला. 1970 मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले, 1976 मध्ये पीटर चेन यांनी एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले टिफ्रॅक हे यंत्र आणि कानपूरच्या आयआयटीत 1963 मध्ये आलेला आयबीएम 1620 यांपासून संगणक-शिक्षणाची वाट सुरू होते. कानपूरला शिकवणाऱ्या प्रा. व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एमसीए हा अभ्यासक्रम सुचवला. अभियांत्रिकीत न गेलेल्या पदवीधरांनाही संगणकाच्या व्यवसायात येता यावे, ही त्यामागची दृष्टी होती. आजचा बीसीए हे त्याच कुळातले धाकटे भावंड. म्हणून बीसीएला गेलेल्या मुलाला ‘इंजिनीअरिंगला नंबर लागला नाही का?’ असे कोणी विचारले की मला वाईट वाटते. या अभ्यासक्रमाचा स्वतःचा हेतू आहे आणि तो दुय्यम नाही.

अभ्यासक्रम काय असावा यावर जगभरच्या प्राध्यापकांत अर्धशतक वाद चालू आहे. अमेरिकेतल्या एसीएम या संघटनेने 1970 च्या दशकापासून, आणि पुढे एआयएस या माहिती प्रणालीच्या अभ्यासकांच्या संघटनेबरोबर, आदर्श आराखडे प्रसिद्ध केले. त्यातला 2010 चा आराखडा विशेष चर्चेत राहिला, कारण त्यात प्रोग्रॅमिंग सक्तीच्या विषयांतून वगळले गेले होते. माहिती प्रणालीच्या माणसाला व्यवसाय समजला पाहिजे, प्रोग्रॅम दुसरे लिहितील, असा तो विचार. 2020 च्या आराखड्यात प्रोग्रॅमिंग पुन्हा आवश्यक विषयांत आले. मला हे परतणे योग्य वाटते. स्वयंपाक न येणारा माणूस खानावळीचे उत्तम नियोजन करील यावर माझा विश्वास नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मागाल तो प्रोग्रॅम लिहून देतात, मग आपण तो शिकायचा कशाला, हे मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारते. लिहून मिळालेला प्रोग्रॅम वाचून, त्यात एका विशिष्ट शेतकऱ्याचे पैसे बुडतील हे ओळखण्यासाठी शिकायचा, हे माझे उत्तर आहे.

ते उत्तर मला एका दूध संस्थेत मिळाले. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी तिच्यासाठी दूध संकलनाचा प्रोग्रॅम लिहिला होता. सकाळ-संध्याकाळ दूध येई, फॅट आणि एसएनएफ मोजले जाई, त्यानुसार दर लागे आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार निघे. मी नुकताच नॉर्मलायझेशन शिकवू लागलो होतो. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची नाही, हा नियम माझ्या डोक्यात पक्का होता. म्हणून दर तक्ता मी एकाच टेबलात ठेवला आणि प्रत्येक बिल छापताना दर तिथून उचलला. काही महिने सगळे नीट चालले. मग दर उतरला, तक्ता बदलला, आणि एक वयस्क बाई मागच्या पगाराची दुसरी प्रत मागायला आल्या. त्यांच्या हातातल्या कार्डावर संकलन करणाऱ्या मुलाने रोज पेनाने लिहिलेले लिटर, फॅट आणि दर होते. माझ्या प्रोग्रॅमने छापलेल्या प्रतीवर त्याच दिवसांचा, त्याच दुधाचा हिशेब नव्या, कमी दराने आला होता. सचिवांनी आधी मशीनच्या कागदाकडे पाहिले, मग कार्डाकडे, आणि कार्ड खरे मानले. माझा प्रोग्रॅम त्या दिवशी बंद ठेवला गेला.

चूक माझी होती, आणि ती व्याकरणाची नव्हती. प्रोग्रॅम कुठेही अडत नव्हता. आजचा दर ही एक गोष्ट आहे आणि त्या दिवशी लावलेला दर ही दुसरी. पहिली बदलते, दुसरी कधीच बदलत नाही. माझ्या आजोबांच्या दुकानातल्या चोपड्यांना हे ठाऊक होते. रोजकीर्दीत घडलेला व्यवहार तारखेने उतरायचा आणि त्यावर पुन्हा हात लावायचा नाही. खतावणीत तोच व्यवहार खात्यानुसार लागायचा. घडलेले वेगळे, असलेले वेगळे. फेरफार आणि सातबाऱ्याचेही तेच नाते. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत मांडली. तिथे तर प्रत्येक रक्कम मुद्दाम दोनदा लिहितात, म्हणजे एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूने पकडता येते. डेटाबेसचा प्राध्यापक पुनरावृत्ती टाळा म्हणतो, हिशेबाचा प्राध्यापक पुनरावृत्ती करा म्हणतो, आणि दोघेही बरोबर आहेत. कोणती पुनरावृत्ती आळसाची आणि कोणती राखणदाराची, हे ओळखायला दोन्ही तासांना मन लावून बसावे लागते. बीसीएच्या मुलांना अकाउंट्सचा पेपर ओझे वाटतो, म्हणून हे इतके लांबवून सांगितले.

त्या बाईंचे कार्ड खरे मानले गेले नसते तर काय झाले असते, याचे उत्तर दुसऱ्या देशात मिळते. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने 1999 पासून आपल्या शाखांमध्ये होरायझन नावाची प्रणाली बसवली. शाखा चालवणाऱ्या माणसांना पडद्यावर अशी तूट दिसू लागली जी त्यांच्या गल्ल्याशी जुळेना. ती तूट त्यांनी भरून द्यावी असा करार होता. अनेकांनी पदरचे पैसे घातले. प्रणाली चुकते आहे असे म्हणणाऱ्यांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले, आणि उलट पुरावा नसेल तर संगणक नीटच चालत होता असे तिथला कायदा गृहीत धरत असे. नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली. त्यांतली काही तुरुंगात गेली. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने होरायझनमधले दोष मान्य केले आणि 2024 मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. या प्रकरणाचे तपशील मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात दोन तास घेऊन सांगतो. बाहेरून शाखेच्या खात्यात बदल करता येत होते, आणि शाखेतल्या माणसाला ते दिसत नव्हते, एवढे एक वाक्य ऐकले तरी चांगला विद्यार्थी सावरून बसतो. आपल्या तलाठ्याच्या नोटिशीला आणि हरकतीच्या मुदतीला तिथे जागाच ठेवलेली नव्हती.

आता पदवीच्या आखणीकडे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नंतर आलेल्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान 160 क्रेडिट लागतात. व्याख्यानाचे एक क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास, प्रात्यक्षिकाचे 30. मुख्य विषयाबरोबर गौण विषय, खुले वैकल्पिक, कौशल्याचे विषय, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण म्हणजे ओजेटी, असे अनेक कप्पे आले आहेत. 2024-25 पासून बीसीए अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्याच्या प्रवेशासाठी सीईटीही सुरू झाली. या सगळ्या कप्प्यांमुळे पालक गोंधळतात, मुले मित्र घेतील तो विषय घेतात, आणि गौण विषय खरोखर गौण होऊन बसतो. माझा सल्ला याच्या नेमका उलट आहे. मुख्य विषयाचे बहुतेक पेपर विद्यापीठाने ठरवलेले असतात, तिथे तुम्हाला फारशी निवड नाही. तुमची खरी निवड गौण विषयात आहे. प्रणाली कशाची तरी असते: शेतीची, आरोग्याची, बँकेची, मालवाहतुकीची, ग्रंथालयाची. तुमच्या घरात, गावात, नात्यात जे काम चालते, ज्याचे शब्द तुम्हाला आधीपासून येतात, त्याच्या जवळचा विषय गौण म्हणून घ्या. वडिलांचे किराणा दुकान असेल तर वाणिज्य. आई आशा सेविका असेल तर आरोग्याशी किंवा समाजशास्त्राशी संबंधित जे मिळेल ते. संख्याशास्त्र मिळत असेल तर ते कुठल्याही घरातल्या मुलाला उपयोगी पडते. महाविद्यालयात हवा तो विषय नसेल तर खुल्या वैकल्पिकातून तिकडे वळा, आणि तेही नसेल तर क्षेत्रीय प्रकल्प त्या कामावर करा.

प्रवेशाआधी पाटीवरचे नाव बाजूला ठेवून अभ्यासक्रमाची पुस्तिका वाचा. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर ती असते. डेटाबेसचे प्रात्यक्षिक किती क्रेडिटचे आहे, विविक्त गणित म्हणजे डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आहे का, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प खऱ्या ग्राहकासाठी करू देतात का, हे पाहा. पहिल्या वर्षी एकच प्रोग्रॅमिंग भाषा घ्या आणि ती इतकी शिका की दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम वाचून त्याची कथा सांगता येईल. चार भाषांची प्रमाणपत्रे गोळा करण्यात ते वर्ष घालवू नका. दुसऱ्या वर्षी डेटाबेस आणि नेटवर्क यांवर सर्वाधिक वेळ द्या. तिसऱ्या वर्षी सुरक्षा, प्रकल्प आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. तो कायदा मुळातून वाचा, गाइडमधून नको. तो फार मोठा नाही.

आणि मराठी सोडू नका. हे भाषेच्या प्रेमापोटी म्हणतो आहेच, पण कामाच्या दृष्टीनेही म्हणतो. परदेशात घडलेल्या फॉर्मवर पहिले नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी रीत. लग्नानंतर बाईची दोन-तीन नावे बदलतात आणि मग बँकेतली, सातबाऱ्यावरची आणि आधारवरची ती एकच बाई आहे हे सिद्ध करण्यात तिचे दिवस जातात. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नावही लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण त्या निर्णयाने जन्मनोंदणीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत किती ठिकाणचा रकाना बदलावा लागला असेल, आणि ज्याने नावासाठी तीनच कप्पे ठेवले होते त्याची किती धावपळ झाली असेल, याचा विचार करून पाहा. आधारचा पहिला क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. देशव्यापी प्रणालीची सुरुवात अशा गावातून होते, तेव्हा त्या गावातल्या माणसाचे नाव तो जसे उच्चारतो तसे लिहिले गेले की नाही, हा तांत्रिक प्रश्न असतो. असे प्रश्न ज्याला स्वतःच्या बोलीतून सुचतात त्याची या क्षेत्राला गरज आहे.

ओजेटीसाठी मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीचे पत्र मिळवण्याची चढाओढ असते. मिळाले तर जरूर जा. पण न मिळाल्याने खचू नका. तालुक्याच्या पतसंस्थेत, ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीवर किंवा एसटीच्या आगारात महिनाभर बसून, कोण काय लिहितो आणि कोणता रकाना नेहमी रिकामा राहतो हे टिपलेत, तर मी तो ओजेटी वरच्या दर्जाचा मानीन. रिकामा रकाना नेहमी काहीतरी सांगतो. एक तर तो विचारायलाच नको होता, किंवा भरणाऱ्याला उत्तर देण्याची भीती आहे, किंवा त्याला ते उत्तर कधी मिळतच नाही.

रेल्वेच्या आरक्षणाचे उदाहरण या पुस्तकात तीनदा येईल, म्हणून त्याचा उल्लेख इथेच करतो. दिल्लीत 1980 च्या दशकाच्या मध्यात संगणकीय आरक्षण सुरू होईपर्यंत प्रत्येक गाडीची वही ठरलेल्या खिडकीवर असे. त्यामुळे रांग लांब होई, पण एक बर्थ दोघांना विकला जाण्याचा धोका कमी असे, कारण वही एकाच कारकुनाच्या हातात असायची. वही सर्व खिडक्यांवर एकाच वेळी उघडली आणि तो हात गेला. त्या एका हाताची जागा घेण्यासाठी संगणकशास्त्राने जे जे शोधले, त्याचे एक संपूर्ण प्रकरण आहे. ते अवघड आहे. दोनदा वाचावे लागले तर संकोच नको, मलाही लागले होते.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक काम करा. घरातला एक कागद काढा. शेती असेल तर सातबारा, नसेल तर वीजबिल, रेशनकार्ड, आजीच्या पेन्शनचे पासबुक, काहीही चालेल. त्यावरच्या प्रत्येक रकान्यासमोर पेन्सिलीने लिहा की हे कोणी भरले असेल, कशावरून भरले असेल आणि हे चुकीचे असेल तर घरातल्या कोणी, कोणाकडे जायचे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या रकान्यापुढे सुचणार नाही तिथे खूण करा, आणि तो कागद पुस्तकात ठेवा. पहिले प्रकरण त्या खुणेपासून सुरू होते.